चुनखडीचा घोडा

सप्टेंबर लागला की आमच्याकडं वसंत येतो. हे वाक्य पुण्याच्या फोनवर म्हटलं की पलीकडची माणसं विचारतात, "म्हणजे आता गरम होतंय का?" गरम कुठलं! अंगातला स्वेटर निघत नाही, दिवसातून चारदा ऊन पडतं आणि पाचदा पाऊस. पण कोवायच्या झाडांना पिवळे झुबके लागतात, संध्याकाळ थोडी लांबते, आणि ऑकलंडहून दक्षिणेला गाडी काढली की वायकाटोच्या कुरणांत दोन-चार दिवसांची वासरं आपल्याच पायांत अडखळताना दिसतात. मी इंजिनिअर माणूस. ऋतू बघून गहिवरायचा माझा स्वभाव नाही. तरी सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी माझी गाडी त्या बाजूला वळते, आणि घरातलं कुणी 'कुठं निघालास' म्हणून विचारत नाही.

तिकडं एका टेकडीवर घोडा आहे. हिरव्या उतारावरचं गवत सोलून खालची चुनखडी उघडी केलेली आहे, त्या पांढऱ्या पट्ट्यांचा हा घोडा. लांबी चांगली चाळीस पावलं. पाठीची एक लांब रेघ, खाली चार पाय, टोकदार कान, आणि जरा जास्तच मोठी शेपूट. रस्त्यावरून तो नीट दिसतो तो एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत. ज्याला ठाऊक नाही तो रेडिओचं स्टेशन बदलता बदलता पुढं निघून जातो.

हा घोडा प्राचीन आहे, असं ग्रॅम सांगायचा. ग्रॅम म्हणजे ईस्ट टामाकीच्या आमच्या कारखान्यातला माझा जोडीदार. आम्ही दोघं पॅकिंगची मशिनं दुरुस्त करायचो आणि एकाच बाकावर बसून डबा खायचो. त्याचे खापरपणजोबा इंग्लंडातल्या ज्या गावाहून आले, तिथं डोंगरावर खडूच्या दगडात कोरलेला एक घोडा आहे म्हणे. हजारो वर्षांचा. कुणी केला, कशासाठी केला, कुणालाच सांगता येत नाही. म्हातारबुवांना इथं आल्यावर करमेना. टेकडीच्या पोटात चुनखडी लागली, तशी त्यांनी कुदळ घेतली आणि आठवणीतला घोडा काढला. त्याला झाली शंभरेक वर्षं. इथं शंभर वर्षं म्हणजे प्राचीनच. पुण्यात शंभर वर्षांच्या इमारतीत अजून बँकेची शाखा चालते आणि वरचा पंखाही तोच असतो. खरं जुनं बघायचं तर ते मधुराच्या माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसातून दिसायचं. खाली मॉलचं पार्किंग, आणि त्याच्या मागं ज्वालामुखीची टेकडी, जिच्या अंगावर माओरी लोकांनी हातानं खणलेल्या पायऱ्या आहेत. ग्रॅमच्या घोड्याहून कितीतरी शतकं आधीच्या. मीटिंग कंटाळवाणी झाली की मी त्या पायऱ्या मोजते, असं मधुरा म्हणायची.

मधुरा म्हणजे माझी बायको. मी सांगतोय त्या वर्षी, दोन हजार सहा-सातचा सुमार असेल, तिचं पायऱ्या मोजणं बंद झालं होतं. अल्बनीच्या आमच्या नव्याकोऱ्या घरात ती दिवसभर डाव्या कुशीवर पडून असायची. डॉक्टरांनी गर्भपिशवीला टाका घातला होता आणि उठबस करायची नाही म्हणून बजावलं होतं. कारण दोन वर्षांपूर्वी आमचं एक मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. मुलगा होता. ही दोन वाक्यं आज मी लिहितोय, पण त्या दोन वर्षांत आमच्या घरात ती कुणी उच्चारली नव्हती. मी तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. आपल्यात अशा बाळाचे दिवस करत नाहीत, श्राद्ध करत नाहीत, मग बोलायचं तरी काय, असं मला खरंच वाटत होतं. आम्ही कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा यावर बोलायचो. गवत कापायला झालंय, यावर बोलायचो. आता दुसरं यायचं होतं, आणि आम्ही एकमेकांशी इतकं जपून वागत होतो, की मूल कदाचित येईल, पण तोवर आपण दोघं परके झालेलो असू, अशी मला भीती वाटायला लागली होती. तीही अर्थात मी कुणाला सांगितली नाही.

अशा घरात माझ्या सासूबाई उतरल्या. चातुर्मास लागायच्या आठ दिवस आधी, दोन बॅगा आणि गोपद्मांचं व्रत घेऊन. रोज सकाळी रांगोळीची तेहतीस गाईची पावलं काढायची, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, एकही दिवस न चुकता, अशी पाच वर्षं. हे त्यांचं तिसरं. विमानतळावर त्यांनी प्रामाणिकपणानं सगळं लिहून दिलं, आणि तपासणीच्या टेबलावर दोन किलो पांढरी भुकटी निघाली. अधिकाऱ्यानं पिशवीकडं बघितलं, सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी चिमूट घेतली आणि त्याच्या स्टीलच्या टेबलावर एक गोपद्म काढून दाखवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "चांगला मुलगा होता हो. पुसलंसुद्धा नाही त्यानं, बाजूनं बॅग सरकवली."

घरामागच्या लाकडी डेकच्या वळचणीखाली, पुदिन्याच्या कुंडीपाशी (तुळस काही इथल्या थंडीत टिकली नाही) त्यांनी आपली जागा ठरवली. सकाळी सात वाजता, मधुराची लोकरी टोपी घालून, मोजे चढवून वर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, असा त्यांचा थाट. आधी एक थेंबासारखा आकार, मग शेजारी त्याचा जुळा, मधे बोटभर फट. झालं एक पाऊल. मी कॉफीचा मग घेऊन काचेआडून बघायचो. अंतर सगळीकडं सारखं. मापाचं हत्यार न वापरता माणूस इतकं सारखं काम करतो याचं मला धंदेवाईक कौतुक वाटायचं. पण आमच्यात बोलणं बेताचंच. त्या मला 'अभिजितराव' म्हणायच्या, मी त्यांना 'आई' म्हणायचो, आणि दोघंही चहा जास्त झालाय का एवढंच विचारायचो. जावयाची आणि सासूची खोली एकमेकींना लागून असली तरी मधे एक दरवाजा असतो, आणि तो ठोठावल्याशिवाय उघडायचा नसतो.

ऑगस्टात रांगोळी संपली. तिरपा पाऊस डेकवर आला होता आणि उरलेली पिशवी भिजून तिचा गोळा झाला होता. भारतीय दुकानात विचारलं, तर दिवाळीला येईल म्हणाले. तांदळाचं पीठ दिलं, ते दमट हवेत बोटांना चिकटलं. त्या सकाळी गोपद्मं काढायला सासूबाईंना तास लागला. मी डबा खाताना सहज ग्रॅमला म्हटलं, बारीक दगडाची पूड कुठं मिळते रे? त्यानं कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं. सांगताना मला जरा लाज वाटत होती. तो मात्र सँडविच चावत म्हणाला, "गाईची पावलं ना? मग गाईचीच पूड घे की." सोमवारी त्यानं आईच्या शेतावरून कागदी पोतं आणलं. चुनखडीचं मैद्यासारखं दळलेलं पीठ. व्यायलेल्या गाईंना अंगातला चुना कमी पडू नये म्हणून ते देतात. वीस किलो. सासूबाईंनी चिमटीत घेऊन बघितलं, सोडून बघितलं. बोटांतून ते अगदी सरळ उतरलं. "बाळंतिणीचं औषध आहे तर," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी पोत्याला नमस्कार केला. माझ्या गॅरेजमध्ये त्या पोत्याला कायमची जागा मिळाली.

मग त्यांनी ग्रॅमच्या आईसाठी बेसनाचे लाडू पाठवले. डबा परत आला तो अंडी भरून. सासूबाई अंडी खात नाहीत, पण डबा रिकामा पाठवला नाही म्हणून त्या बाईंना त्यांनी ताबडतोब आपल्यात घेतलं. डब्यात चिठ्ठी होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी घोड्याची साफसफाई आहे, शेजारीपाजारी येतात, तुम्हीही या. मी नाही म्हणणार होतो. मधुरानंच पडल्या पडल्या फर्मान काढलं. "प्लीज जा दोघं. ऑफिसातली केतकी येणार आहे दिवसभर. मला एक दिवस कुणी टिपटो करत नसलेलं घर हवंय."

गाडीत जाताना मी रेडिओ लावला. सासूबाई खिडकीतून गाई मोजत होत्या. ऑकलंडबाहेरच्या बॉम्बे हिल्सच्या पुढं आकडा हजाराच्या वर गेला, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

ग्रॅमची आई जोन ही सत्तरीची, ठेंगणी, तुरुतुरु चालणारी बाई. तिनं सासूबाईंच्या पायांकडं बघितलं आणि आत जाऊन आपले जुने गमबूट आणले. पाचवारी साडी, वर मधुराचं जॅकेट, खाली गमबूट. त्यांना तसं बघून मला हसू आवरेना, तर जोननं माझ्याच हातात फावडं दिलं.

त्या टेकडीवर गेल्यावर मला पहिला शोध लागला तो असा, की घोड्याजवळ गेलं की घोडा दिसत नाही. एक रुंद पांढरा खळगा दिसतो, कडेला गवत चढलेलं, मधे डँडेलियन उगवलेले. ही पाठ की मान, हे ग्रॅमनं सांगितलं म्हणून समजायचं. गवताच्या कडा कुदळीनं सरळ कापायच्या, तण मुळासकट उपटायचं, पावसानं काळवंडलेला थर खरवडायचा आणि त्यावर ताजी चुनखडी पसरून चोपायची. पंधरा-वीस माणसं असतील. वर्षभर कुणी हात लावला नाही तर कडा वीतभर आत येतात. चार वर्षं सोडला तर घोडा गेलाच, असं ग्रॅम म्हणाला. मला हे आधी सुचलंच नव्हतं. इतकी जुनी गोष्ट म्हणजे ती टिकाऊ असणार, असं मी धरून चाललो होतो. त्या इंग्लंडातल्या मूळ घोड्याचंही असंच असणार. हजारो वर्षं तो उरला, कारण दर काही वर्षांनी त्या गावची माणसं आपली कामं टाकून डोंगर चढली. कशासाठी काढला ते विसरली, पण गवत काढायला विसरली नाहीत.

सासूबाईंचे गुडघे बघून जोननं त्यांना पुढचे दोन खूर दिले. खूर टेकडीच्या पायथ्याशी, सपाटीवर होते. एकेक खूर आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा. बादली घेऊन त्या उकिडव्या बसल्या. मी वर मानेवर होतो. मधूनच खाली बघायचो, तर त्या मुठीनं पूड सोडत मागं मागं सरकत होत्या. ओठ हलत होते. बाकीचे फावड्यानं ओतत होते, या एकट्या हातानं. दोन तासांनी त्या उठल्या, कंबरेवर हात ठेवला आणि आपल्या कामाकडं जराशी मान तिरपी करून बघितलं. जोननं लांबून अंगठा दाखवला.

काम संपल्यावर सगळे खाली रस्त्यापलीकडं जमले. घोडा बघायचा तर तिथूनच. चहाचे थर्मास उघडले, स्कोन निघाले, आमचे लाडू निघाले. घोडा नुकत्या धुतलेल्या कपड्यासारखा लख्ख दिसत होता. मग ग्रॅमच्या तोंडातला घास थांबला. त्यानं दुर्बीण घेतली, बघितलं, आणि ती माझ्या हातात दिली.

पुढचे दोन्ही खूर मधोमध दुभंगलेले होते. दोन थेंब, शेजारी शेजारी, मधे करडी फट. अगदी सारख्या मापाचे. टेबलाएवढी दोन गोपद्मं.

"आई," मी हळूच म्हटलं, "घोड्याला फट नसते."

सासूबाईंनी दुर्बिणीतून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. "अगो बाई," त्या म्हणाल्या. "हातानं काढलं हो. मी काढलं नाही." आणि लगेच बादली उचलून परत निघाल्या. "दुसऱ्याच्या पूर्वजांचं काम नासवलं मी. त्यांना सॉरी म्हणा आधी. म्हणा ना, अभिजितराव!"

मी जोनला सगळं सांगितलं. तेहतीस पावलं, चार महिने, रोज सकाळ. ती ऐकत राहिली, टेकडीकडं बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला ग्रॅमचा खांदा धरावा लागला. "या खोऱ्यात घोडा कुणाकडं आहे आता?" ती म्हणाली. "आम्ही सगळे गाईंवर जगतो. निदान पुढचे पाय तरी खरे झाले. राहू दे वर्षभर." तिच्या नवऱ्यानं एका वर्षी भरल्या पोटी शेपूट जास्त ओढली, ती तेव्हापासून तशीच आहे, हेही तिनं सांगितलं. सासूबाईंना मी एवढं सगळं सांगितल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. तरी त्या जोनचा हात सोडत नव्हत्या.

लोक पांगायला लागले. जोननं एक छोटी बादली शिल्लक ठेवली होती. ती बादली उचलून म्हणाली, "घोडा झाला. आता ॲलन."

मी आणि सासूबाई तिच्यामागून चढलो. घोड्याच्या पोटाखाली, चार पायांच्या मधे, एक वेगळा पांढरा गोल आहे. परातीएवढा. रस्त्यावरून तो दिसतो न दिसतो. मला वाटलं होतं, कुठं गवत धरलं नसेल. जोन गुडघ्यांवर बसली, हातानं तण काढलं, पूड टाकली आणि तळव्यानं थोपटली. थोपटताना ती सहज सांगत होती. तिच्या सासूचं एक बाळ होतं. नऊ दिवस जगलं. ॲलन त्याचं नाव. त्या वसंतात घोड्याची सफाई करताना सासूनं कुणाला न विचारता हा गोल काढला. कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी घोडा पांढरा केला, तेव्हा गोलही केला. आता सासूही नाही आणि बाळाला बघितलेलंही कुणी उरलेलं नाही. "पण दर वर्षी आधी घोडा, मग ॲलन," जोन म्हणाली.

"काय म्हणतायत त्या?" सासूबाईंनी मला विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "एक डाग राहिला होता, तो भरतायत."

आज जोनही नाही. शेत ग्रॅमची बहीण बघते. सासूबाईंचे खूर पुढच्या वसंतात परत घोड्याचे झाले आणि ते योग्यच झालं, घोडा ग्रॅमच्या घरचा आहे. मी गाडी थांबवून बघतो तो पोटाखालचा गोल. दर वेळी तो पांढरा असतो. कुणीतरी गुडघे टेकलेले असतात. मला त्या वेळी टेकडीवर जी कळ आली होती ती अजूनही येते. खोटं बोललो याची ती कळ नाही. खोटं तर माणूस रोज बोलतो. ते इतकं सफाईनं, इतकं तयार तोंडातून आलं, याची ती आहे.

त्या रविवारी परतीच्या वाटेवर मी रेडिओ लावला. सासूबाईंनी हात पुढं करून तो बंद केला. गाडीतल्या कुठल्याही बटणाला त्यांनी हात लावल्याची ती पहिली वेळ.

"अभिजितराव, मला इंग्रजी बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "कळत नाही असं नाही."

मी समोर बघत गाडी चालवत राहिलो.

"नऊ दिवसांचं बाळ होतं. ॲलन नाव होतं. त्या बाईनं त्याला बघितलंसुद्धा नाही, तरी दर वर्षी गुडघे टेकते. आणि तुम्ही मला डाग सांगितलात."

"आई, मला वाटलं तुम्हाला उगाच त्रास—"

"मला?" त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलात काय झालं ते मधुरानं मला सांगितलंय. आल्याच्या दुसऱ्या दिवशी."

हॉस्पिटलात झालं ते एवढंच. बाळ गेल्यावर तिथल्या नर्सनं एक कार्ड आणलं होतं. इथं तशी पद्धत आहे. बाळाचे दोन पाय शाईनं त्यावर उठवले होते, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढे. खाली नावासाठी रेघ होती. तिनं विचारलं, बाळाचं नाव काय लिहू? मी म्हणालो, नाव नाही. आमच्यात बाराव्या दिवशी नाव ठेवतात. चांगलं व्यवस्थित समजावून सांगितलं मी तिला. तिनं मान डोलावली आणि रेघ रिकामी ठेवली. मी नियमानं बोललो होतो. पण नाव ठरलेलं होतं. आमचं दोघांचं ठरलं होतं, महिनाभर आधी, एका शनिवारी, हसत हसत. मधुरा पलंगावर होती. तिनं माझं बोलणं ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ते कार्ड कुठं गेलं, मी विचारलं नाही. हरवलं असेल, असं धरून बसलो.

"बारसं बाराव्या दिवशी का, ठाऊक आहे तुम्हाला?" सासूबाई विचारत होत्या. आवाज चढलेला नव्हता. "मूल जगतंय का मरतंय, याची धास्ती असायची पूर्वी. नाव ठेवलं की जीव अडकतो, म्हणून थांबायचे. तिचा तर अडकलेलाच होता हो. मग कुणासाठी थांबलात?"

पुढं एक दुधाचा टँकर होता, मी त्याच्या मागं मागं गाडी नेत राहिलो.

"मी व्रत बाळासाठी धरलंय असं तुम्हाला वाटतं. वाटू दे. पण पोर माझी आहे. ती त्या उशीवर पडून दिवसभर काय विचार करते, ते मला दिसतं. ते कार्ड तिच्या उशीच्या अभ्र्यात आहे, अभिजितराव. दोन वर्षं. अभ्रा धुवायला टाकते तेव्हा काढते, परत घालते."

मी गाडी बाजूला घेतली. कुठल्याशा शेताच्या फाटकापाशी. आणि रडलो. सासूसमोर हमसून रडलेला जावई मी तरी दुसरा ऐकलेला नाही. मला त्या क्षणी त्याची लाजही वाटली नाही, इतकं ते आतून येत होतं. दोन वर्षं एका घरात, एका पलंगावर, हातभर अंतरावर ते कार्ड होतं. सासूबाईंनी मला समजावलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "सावकाश होऊ दे. घाई नाही. केतकी आहे घरी."

पुढं डिसेंबरात मुलगी झाली. ठणठणीत. आज ती मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते आणि माझ्या प्रत्येक गोष्टीवर 'बाबा, प्लीज' म्हणते. टाका टिकला, डॉक्टर चांगले होते, सासूबाईंच्या मते गोपद्मंही टिकली. त्या वादात मी पडत नाही. पण त्या वर्षातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते डिसेंबरातलं नाही, त्याच रविवारच्या संध्याकाळचं.

आम्ही पोहोचलो तेव्हा अजून उजेड होता. केतकी चपला घालून निघण्याच्या बेतात होती. सासूबाई मुद्दाम मोठ्यानं भांडी वाजवत स्वयंपाकघरात गेल्या. मधुरा डाव्या कुशीवर होती. माझ्या पँटवरचा चुना बघून म्हणाली, "काय रे, मजा आली का?" मी पलंगाच्या कडेला बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"कार्ड दे ना," मी म्हणालो.

तिनं विचारलं नाही, कुठलं. माझ्याकडं बघत राहिली. मग हात मागं नेऊन तिनं ते अभ्र्यातून काढलं. कोपरे मऊ झाले होते. ते दोन पाय मी दोन वर्षांनी बघत होतो. माझ्या खिशात कारखान्याचं बॉलपेन होतं. रेघेवर मी देवनागरीत लिहिलं, ओजस. शब्द मला दोनदा थांबून पुरा करावा लागला. मग मी तो मोठ्यानं वाचला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मधुरानं कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि शाई वाळेपर्यंत नुसतं धरून ठेवलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला.

"आता जे येईल," ती म्हणाली, "ते धाकटं."